उजेड बघायला काढलेला फोटो

बुधवार, ५ फेब्रुवारी

ही वही संस्थेच्या बाईंनी दिली. भेट झाली की एका ओळीत नोंद करायची असते, कोणाकडे गेलो, समोरच्याला कसं वाटलं. ओळ लिहून झाली की खाली सगळं पान रिकामं राहतं. ते मला बघवत नाही. म्हणून नोंदीसाठी दुसरी पातळ वही आणली आणि हिच्यात माझं लिहितो.

संस्था एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून एकदा कोणाला तरी गप्पा मारायला पाठवते. जो जातो त्याला सोबती म्हणतात. मी सोबती आहे. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुष्कळांना उलटंच वाटतं. मागे नवीन कारकून म्हणाला, "आजोबा, तुमच्याकडे कोण येतं?" मी म्हटलं, माझ्याकडे कोणी येत नाही, मी जातो. तो बिचारा खजील झाला.

माझ्या वाट्याला मास्तर आहेत. ते कपडे शिवायचे. अंगावरून वारं गेलं तेव्हापासून डावा हात उठत नाही. पुढची खोली म्हणजेच दुकान. मुलगा मशीनवर, सून कापायच्या टेबलाशी आणि मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत. गिऱ्हाईक आलं की बाहीचं मास्तरांनाच विचारतं. शेजारचे एक जण येऊन पेपर वाचतात आणि सरकारला शिव्या देतात. नात पाढे म्हणून दाखवते. एवढ्या गर्दीत माणसाला सोबत द्यायची म्हणजे फार जड काम आहे. मला सारखं स्टूल सरकवावं लागतं. तरी मी नेटाने बसतो.

आज गेल्या गेल्या मास्तर म्हणाले, "बोला लिफ्टवाले, या आठवड्यात काय काय साठलंय?" मग मी बोललो.

नोंद केली, आजोबांना बरं वाटलं. मास्तर माझ्याहून लहान आहेत, पण नोंदीत आजोबाच लिहायचं असतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

संस्थेची पाटी, कागद, पोस्टर सगळं नवीन होणार आहे. जुनं नाव इतकं लांब होतं की फोन उचलणाऱ्या मुलीला ते म्हणता म्हणता दम लागायचा. आता नुसतं 'सोबत'. त्यासाठी एक डिझायनर मुलगी नेमली आहे. ती अशाच संस्थांची कामं करते. याआधी रक्तपेढीचं केलं, मुक्या जनावरांच्या दवाखान्याचं केलं. आज तिने सगळ्या सोबत्यांना बोलावलं होतं.

अध्यक्षांना बोधचिन्हात दोन हात हवे होते, शिवाय उगवता सूर्य, घर आणि काठी. मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, हे सगळं कागदाच्या कोपऱ्यात एवढंसं छापलं ना, की चिरडलेल्या झुरळासारखं दिसेल." सगळे हसले. अध्यक्ष म्हणाले, निदान सूर्य तरी ठेवा.

मग तिने प्रत्येकाला विचारलं, तुम्ही जाता तेव्हा नक्की काय होतं. बाकीच्यांनी दोन दोन वाक्यांत आटपलं. मी जरा सविस्तर सांगितलं. मास्तरांकडचं सांगितलं, मग लिफ्टमधलं निघालं. मी सातवीपर्यंत शिकलो आणि नंतर सगळा जन्म एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट चालवली. मी स्टुलावर बसायचो, त्यामुळे माणसांचे चेहरे वर राहायचे आणि त्यांचे हात, पिशव्या तेवढ्या माझ्यासमोर. मला माणसं हातावरून ओळखता यायची. पुढे बटणं दाबणारी लिफ्ट आली. हे सांगताना दोन सोबती घड्याळ बघत होते ते मला दिसलं, पण मुलगी लिहून घेत होती म्हणून मी थांबलो नाही.

शेवटी तिने विचारलं, "काका, तुमच्या घरी कोण असतं?"

मी म्हटलं, मुलगा आहे ना.

खोटं नाही. मुलगा आहे. दुसऱ्या शहरात आहे, एवढं सांगायची तिथे काय गरज होती? तरी घरी येईपर्यंत जीवाला घोर लागला. संस्थेतून तपासणीला कोणी घरी आलं आणि मी एकटाच दिसलो तर?

रविवार, ९ फेब्रुवारी

मुलाचा फोन आला. पोस्टरचं सांगणार होतो, तेवढ्यात त्याच्या दारावरची बेल वाजली. तो म्हणाला, बाबा, दगदग करू नका. मी म्हटलं, कसली दगदग, बसूनच तर असतो. मग वाटलं, असं म्हणायला नको होतं, सूनबाईला उगाच टोमणा वाटेल. परत फोन करून खुलासा करावा का, याचा दुपारभर विचार केला. केला नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

मोठी बातमी. पोस्टरसाठी मास्तरांचे फोटो काढणार आहेत आणि मलाही थांबायला सांगितलं आहे. डिझायनर मुलगी स्वतःच फोटो काढते. पुढच्या बुधवारी येणार.

सोबती कसा असतो ते लोकांना दिसायला हवं. निळा शर्ट इस्त्रीला दिला. इस्त्रीवाल्याला कारण सांगितलं. तो म्हणाला, ठेवा तिकडे.

बुधवार, १९ फेब्रुवारी

केस कापून गेलो. कॉलरचं बटण लावलं. मास्तरांच्या सुनेने बघून विचारलं, "काका, आज कोणाचं लग्न?"

डिझायनर मुलगी आली तेव्हा मास्तरांची दाढी वाढलेली होती. मुलगा आणि सून त्यांना धरून आत घेऊन गेले, अंघोळ घालून, दाढी करून आणतो म्हणाले. नात पण मागे गेली. गिऱ्हाइकांसाठी दुकान तेवढा वेळ बंद ठेवलं होतं. मुलगी मला म्हणाली, "काका, तोवर जरा मास्तरांच्या खुर्चीत बसता का? उजेड बघायचा आहे."

बसलो. तिने पडदा अर्धा ओढला, परत सारला. कॅमेऱ्याचा आवाज येत होता. मी विचारलं, हसू का? ती म्हणाली, आत्ता काही नको, नुसता उजेड बघतेय. मग मी तिच्याकडे लक्ष देणं सोडलं. आत पाण्याचा आवाज, बादलीचा आवाज. मास्तर काहीतरी बोलले आणि सगळे मोठ्याने हसले. काय बोलले ते कळलं नाही. मी कान दिला, तरी कळलं नाही. मग परत हसले.

नंतर खरे फोटो झाले. मास्तर खुर्चीत, मी शेजारी, चेहरा प्रसन्न. एका फोटोत मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मास्तर म्हणाले, "काढा तो हात, मी पडत नाहीये." सून हसायला लागली, मुलगीही हसली. मी हात काढला. पण आधीचा एक फोटो आला असेल हातासकट. तोच घेतील. मी तिला दोनदा विचारलं, माझे डोळे मिटले नव्हते ना. म्हणाली, नाही काका, फार छान आलेत.

शनिवार, २२ फेब्रुवारी

पोस्टर सगळ्या बसथांब्यांवर लागणार आहेत. ज्या ऑफिसात लिफ्ट चालवली तिथली माणसं बघतील आणि म्हणतील, हा आपला लिफ्टवाला, बघा म्हातारपणी केवढं काम करतो. पण खांद्यावर हात म्हणजे फार मिरवल्यासारखं वाटेल का?

बुधवार, २६ फेब्रुवारी

मास्तर जरा थकलेले होते. आज त्यांनीच विचारलं, तुमच्याकडे संध्याकाळी कोण येतं. मी म्हटलं, मला वेळ कुठे असतो. ते माझ्याकडे बघत राहिले आणि सुनेला म्हणाले, चहा टाक, यांना थांबू दे थोडं.

आजोबांना बरं वाटलं.

शनिवार, १ मार्च

मुलीने तिच्या स्टुडिओत बोलावलं होतं. स्टुडिओ म्हणजे बेकरीच्या वरच्या दोन खोल्या. जिन्यात पावाचा वास. भिंतभर कागद टाचणीने लावलेले, त्यांच्यावर आम्ही सोबती बोललो होतो ती वाक्यं. माझी सगळ्यांत जास्त होती. ते बघून बरं वाटलं. मग तिने टेबलावर पोस्टर पसरलं.

पोस्टरवर मी. एकटा. मास्तर नाहीत. मास्तरांची खुर्ची, अर्धा पडदा आणि माझं तोंड दाराकडे वळलेलं. कॉलरचं बटण लावलेलं. असं दिसत होतं की कोणासाठी तरी तयार होऊन बसलोय आणि ते आलेले नाहीत. खाली मोठ्या अक्षरांत ओळ होती. 'आज यांच्याशी कोणीही बोललं नाही.' त्याखाली संस्थेचा फोन.

मी म्हटलं, "हा फोटो नाही. हा तुम्ही उजेड बघायला काढला होता."

"हो काका."

"मग चुकून आलाय."

"चुकून नाही आलाय," ती म्हणाली.

तिची एक पद्धत आहे. कुठलंही पोस्टर करायच्या आधी ती नुसते फोटो, वर एकही अक्षर न लिहिता, खाली बेकरीत नेते आणि पाव घ्यायला आलेल्यांना विचारते, यांच्यापैकी कोणाकडे जाऊन बसाल. मास्तरांचा फोटो बघून लोक म्हणाले, यांचं दुकान कुठे आहे. आमच्या दोघांच्या फोटोवर म्हणाले, भाऊ-भाऊ का? आणि या फोटोवर कोणी काही विचारलं नाही, नुसतं बोट ठेवलं. अध्यक्षांनाही पसंत पडलं. त्यांना फक्त कोपऱ्यात सूर्य हवा आहे.

मी म्हटलं, मी सोबती आहे. तिने मान हलवली. मी म्हटलं, हे असं लागलं तर मला सोबती म्हणून कोण पाठवेल? मास्तरांकडे दुसऱ्याला लावतील. यावर तिने मला पाणी दिलं आणि समोर बसली. म्हणाली, तुम्हाला आधी दाखवायला हवं होतं, काढतानाच सांगायला हवं होतं, माझी चूक झाली. तुम्ही नको म्हणालात तर हे पोस्टर होणार नाही. शुक्रवारी छपाईला द्यायचं आहे, तोवर सांगा.

नको, असं तिथल्या तिथे म्हणता आलं असतं. का म्हणालो नाही कोण जाणे. मुलगी चांगली आहे, तिची मेहनत वाया जाईल, हे एक. दुसरं कारण शोधतो आहे.

रविवार, २ मार्च

मुलाला सांगितलं. तो एकदम चिडला. म्हणाला, "बाबा, इथल्या कोणी बघितलं तर काय म्हणतील? मुलाने टाकलंय असंच ना?" मी म्हटलं, तुझं नाव कुठे आहे त्यात. तो म्हणाला, नाही म्हणून सांगा त्यांना, आणि ते सोबती-बिबती पण पुरे आता. मग आवाज खाली आणून म्हणाला, सुट्टीत येतोच आहोत. कोणती सुट्टी ते विचारायचं राहिलं.

शेवटी त्याने विचारलं, ते लिहिलंय ते खोटं आहे ना. मी म्हटलं, साफ खोटं. उजेड बघत होते त्या दिवशी बुधवार होता. बुधवारी तर मी भरपूर बोलतो.

फोन ठेवल्यावर आज कोणाकोणाशी बोललो ते आठवत बसलो. दूधवाला पिशवी ठेवून गेला, मी दार उघडेपर्यंत खाली पोचला होता. समोरच्यांचा कुत्रा भुंकला, त्याला गप म्हटलं. मुलाचा फोन. तो धरायचा की नाही?

बुधवार, ५ मार्च

आजचं नीट लिहितो, जसं झालं तसं.

मास्तरांना पोस्टरचं हसत हसत सांगितलं. म्हटलं, गंमत बघा, सोबत द्यायला गेलो मी आणि लोकांनी मलाच खुर्चीत बसवलं. वाटलं, मास्तर चिडवतील. त्यांनी मुलाला मशीन थांबवायला सांगितलं. म्हणाले, "मला त्यात चूक दिसत नाही."

मी म्हटलं, म्हणजे?

"तुमच्या संस्थेच्या बाई तुमच्या आधी आल्या होत्या इथे. म्हणाल्या, एक गृहस्थ आहेत, आमच्या ऑफिसात रोज येऊन बसतात, त्यांना आठवड्यातून एकदा कुठे जाता आलं तर बरं होईल. बुधवारी दुपारी आमचं दुकान जरा सैल असतं. मी म्हटलं, पाठवा."

सून कापड घडी करत होती, घडी केलेलंच परत घडी करत होती.

मी विचारलं, मग इतके महिने तुम्ही माझ्यासाठी बसत होता?

मास्तर म्हणाले, "बसलेला तर मी असतोच. तुम्ही बोलता, मी ऐकतो. आधी नाही आवडायचं. आता आवडतं."

मी चहा न घेता उठलो. दारात सून म्हणाली, काका, पुढच्या बुधवारी याल ना? मी काहीतरी म्हटलं. बसमध्ये चढल्यावर लक्षात आलं, उन्हाची छत्री तिथेच राहिली. परत गेलो नाही.

आज नोंद केली नाही. काय लिहायचं ते कळलं नाही.

गुरुवार, ६ मार्च

आधी वाटलं मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झाला असावा. पण त्यांचं डोकं शाबूत आहे, ग्राहकांची मापं तोंडपाठ सांगतात. मग बाईंचा राग आला. संस्थेच्या ऑफिसात मी रोज जायचो ते मदत करायला जायचो. पंखे बंद करायचो, खुर्च्या नीट लावायचो. त्याला बसणं म्हणतात का?

मग वाटलं, म्हणत असतील.

आरशासमोर खुर्ची ठेवून बसून बघितलं, फोटोत आहे तसा चेहरा खरंच होतो का. होत नाही. आरशात बघितलं की समोर कोणीतरी असतंच, म्हणून तो चेहरा येत नाही. तो दुसऱ्यालाच दिसणार.

मुलाला त्रास होईल. ऑफिसातली जुनी माणसं काहीबाही बोलतील. शेजारी दार उघडून बघतील. हे सगळं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला बेकरीत पाव घ्यायला आलेली ती माणसं. ओळख ना पाळख, आणि कोणाकडे जाऊन बसाल विचारल्यावर माझ्यावर बोट ठेवलं. हे मला सारखं आठवतंय.

शुक्रवार, ७ मार्च

सकाळी गॅस बंद केल्याची तीनदा खात्री करून निघालो. स्टुडिओत मुलगी एकटीच होती. मी म्हटलं, फोटो राहू दे. पण ओळ खोटी आहे, ती तशी चालणार नाही.

ती वही पुढे ओढून म्हणाली, "मग खरं काय ते सांगा."

मी म्हटलं, कोणीही बोललं नाही असं कसं? बुधवारी मी मास्तरांकडे असतो. बुधवारी पोस्टर बघून कोणी आलं तर दाराला कुलूप. माणसाची खेप फुकट जाईल. बुधवार सोडून मी रोज घरीच असतो.

ती लिहिता लिहिता थांबली. मग संगणकाकडे वळली, जुनी ओळ पुसली आणि टाईप केलं. मला म्हणाली, आता वाचा. फोटोखाली लिहिलं होतं, 'बुधवार सोडून मी रोज घरीच असतो.'

मी शंका काढली की हे वाचून चोर बुधवारी यायचा. ती हसली. पोस्टरवर तुमचा पत्ता नाही काका, फोनही संस्थेचा आहे. मग मी विचारलं, अध्यक्षांचा सूर्य? ती म्हणाली, तुमच्या तोंडावर पडलाय तेवढा पुरे.

निघताना विचारलं, मला सोबत्यांतून काढणार का? ती म्हणाली, ते बाईंच्या हातात आहे, पण मी सांगेन त्यांना. एवढंच म्हणाली. ठाम असं काही म्हणाली नाही. जिना उतरलो. बेकरीवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि ओळखीचं हसला. मला तो पहिल्यांदाच भेटत होता.

रविवार, ९ मार्च

मुलाला सांगितलं, हो म्हटलं म्हणून. ओळ वाचून दाखवली. तो ओरडेल म्हणून फोन कानापासून लांब धरला होता. काहीच आवाज आला नाही. मला वाटलं लाइन गेली. हॅलो हॅलो केलं.

"आहे मी," तो म्हणाला. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही जेवता कधी?"

वेळ सांगितली. काय जेवतो तेही सांगितलं. त्याने हे कधी विचारलं नव्हतं आणि मीही कधी सांगितलं नव्हतं. पुष्कळ वेळ बोललो. मागून सूनबाई कोणाला तरी हळू बोल म्हणत होती.

बुधवार, १२ मार्च

जावं की नाही अशी दुपारपर्यंत घालमेल. गेलो. छत्री सुनेने खुंटीला अडकवून ठेवली होती. संस्थेकडून कोणी दुसरा आलेला नव्हता. माझं स्टूल जागेवर होतं.

ठरवून कमी बोललो. मास्तर थोडा वेळ वाट बघत राहिले, मग म्हणाले, "तब्येत बरी नाही का? एवढी शांतता मला सोसत नाही." मग मी बेकरीचं सांगितलं. मध्ये गप्प राहून त्यांना विचारलं, रात्री झोप लागते का. ते म्हणाले, लागत नाही. हे मला माहीत नव्हतं.

शुक्रवार, १४ मार्च

पोस्टर लागलं. आमच्या बसथांब्यावर पण लागलं आहे.

मी टोपी घालून गेलो, कोणी ओळखू नये म्हणून. बाकाच्या एका टोकाला बसलो. पोस्टर माझ्या पाठीमागे. वळून बघायची सोय नाही, लोकांना कळेल. समोरून येणारे काही जण वर बघत होते, काही जण बघत नव्हते. एका माणसाने फोन नंबराचा फोटो काढला, पण तो पोस्टरखालच्या शिकवणीच्या जाहिरातीचाही असू शकेल.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई होत्या. माझ्या वयाच्या असतील. मध्ये त्यांची भाजीची पिशवी. त्यांनी वळून पोस्टर वाचलं, मग माझ्याकडे बघितलं, परत पोस्टरकडे. मी टोपी पुढे ओढली. उठून जावं असं वाटलं. पण बसून राहिलो.

"तुम्हीच ना हे?" त्यांनी विचारलं.

सोबती आहे, फोटो उजेड बघायला काढलेला आहे, सगळं तोंडावर आलं होतं. पण मी नुसतं हो म्हणालो.

तेवढ्यात बस आली. थांब्यावरची बाकीची सगळी माणसं चढली. कंडक्टरने दारातून वाकून विचारलं, येताय का. बाईंनी त्याला हातानेच पुढे जा म्हणून सांगितलं, आणि बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.